तेल, डबा आणि बारदानाचा हिशेब

जळगाव किंवा धुळ्याच्या बाजारात कुठल्याही जुन्या आडत्याच्या पेढीवर अर्धा तास बसलात तर एक शब्द हमखास कानावर पडतो. बारदान. माल ज्यातून येतो ते पोतं, डबा, पिंप, खोकं... थोडक्यात काय, माल सोडून बाकी सगळं म्हणजे बारदान. वजन करताना बारदानाचं वजन आधी वजा होतं आणि रिकाम्या बारदानाचा भाव वेगळा लावला जातो. व्यापाऱ्याच्या दृष्टीनं ते कचरा नसतं, तो एक वेगळा मालच असतो. हा शब्द जरा लक्षात ठेवा, शेवटपर्यंत लागणार आहे.

हल्ली 'रिन्यूएबल प्लास्टिक' हा प्रकार फार ऐकू येतो. म्हणजे जमिनीतून काढलेल्या खनिज तेलाऐवजी ऊस, मका अशा दर वर्षी उगवणाऱ्या पिकांपासून केलेलं प्लास्टिक. पुढेमागे आपलं खाण्याचं तेलही अशाच पिशव्या-बाटल्यांतून येईल, आणि मग प्लास्टिकची चिंता मिटली असं सांगणारे लोक भेटतात. मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो, रसायनशास्त्राशी माझा संबंध बारावीनंतर सुटला. पण मूळ खानदेशी असल्यामुळे तेलाशी संबंध सुटणं शक्य नाही (शेवभाजीवर बोटभर तवंग नसेल तर आमच्याकडे स्वयंपाक बिघडला असं समजतात :-)). म्हणून गेले काही वीकांत या विषयाच्या मागे लागलो, आणि मागे जाता जाता थेट बुधल्यापर्यंत पोचलो.

बुधला! हा शब्द आता फक्त शब्दकोशात आणि ऐतिहासिक कादंबऱ्यांत उरला आहे. पण रेल्वे यायच्या आधी तेल-तूप दूरच्या प्रवासाला निघायचं ते बुधल्यातूनच. बुधला म्हणजे कातड्याचं भांडं. ते करणारे ते डबगर. त्यांची पद्धत मोठी हुशारीची होती. आधी ओल्या मातीचा हव्या त्या आकाराचा साचा करायचा, त्यावर कच्च्या कातड्याचे तुकडे ताणून चिकटवायचे, वाळू द्यायचे, आणि कातडं कडक झालं की आतली माती फोडून तोंडातून बाहेर काढायची. उरतं ते हलकं, न फुटणारं भांडं. मातीचा रांजण घरात ठीक आहे, पण बैलगाडीच्या हिसक्यांत किंवा उंटाच्या पाठीवर त्याचं काय होणार? मुंबई-आग्रा रस्ता धुळ्यावरूनच जातो. त्या रस्त्यानं चालणाऱ्या गाड्यांना असंच भांडं परवडणार.

आता आजच्या भाषेत बघा. कच्चा माल मेलेल्या जनावराचं कातडं, म्हणजे शंभर टक्के रिन्यूएबल. साचा मातीचा, तो मातीत परत. भांडं फाटलं तर तेही कुजून मातीत जाणार. हिरवा शिक्का मारायचा झाला तर पहिला मान बुधल्याचा! पण त्यात भरलेलं तेल चांगलं राहायचं का? कातड्याच्या छिद्रांत जुनं तेल मुरायचं, ते खवट व्हायचं, आणि नव्या तेलाला त्याचा वास लागायचा. बुधला आतून घासून स्वच्छ करता येत नाही. आणि कातड्याचं काम करणाऱ्या माणसाला त्या काळच्या समाजात कुठली पायरी मिळायची हे वेगळं सांगायला नको. त्याच्या हातचं भांडं घरात चालायचं, तो मात्र उंबऱ्याबाहेर. हा मुद्दाही लक्षात ठेवा.

मग आला डबा. गंमत म्हणजे तो खाण्याच्या तेलासाठी आलाच नव्हता.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकन रॉकेल हिंदुस्थानात यायला लागलं. स्टँडर्ड ऑइल कंपनी ते चौकोनी पत्र्याच्या डब्यांतून पाठवायची, पाच अमेरिकन गॅलनचे दोन डबे एका लाकडी खोक्यात. आपल्याकडे त्याला चार गॅलनी डबा म्हणायचे, साधारण १८-१९ लिटरचा. हे रॉकेल गावात पोचेपर्यंत घरोघरचे दिवे तीळ, करडई, जवस, एरंडी, करंजी अशा तेलांवर चालत. म्हणजे तेल्याचं अर्धं गिऱ्हाईक स्वयंपाकघरात आणि अर्धं देवळीतल्या पणतीत. रॉकेलनं पणतीचं गिऱ्हाईक नेलं. पण जाताना एक वस्तू मागे ठेवून गेलं, रिकामा डबा. आणि त्याच डब्यात मग तेल्यानं आपलं तेल भरायला सुरुवात केली.

रिकाम्या डब्याची किंमत किती असावी? याचा एक झकास किस्सा तेलाच्या जागतिक इतिहासात आहे. १८९२ साली मार्कस सॅम्युएल या लंडनच्या व्यापाऱ्यानं 'म्युरेक्स' नावाचं टँकर जहाज सुएझ कालव्यातून पूर्वेकडे पाठवलं. (याच सॅम्युएलच्या धंद्यातून पुढे शेल कंपनी उभी राहिली.) त्याचा हिशेब अगदी इंजिनिअरछाप होता. डबे आणि खोकी जहाजातून वाहण्यात जागाही जाते आणि पैसाही. त्यापेक्षा टाकीत सुटं रॉकेल आणू, ते स्वस्त पडेल, लोक आपापली भांडी घेऊन येतील. रॉकेल स्वस्त झालं, पण लोक येईनात! कारण आशियातल्या गिऱ्हाइकाला रॉकेलइतकाच डबाही हवा होता. त्या पत्र्यातून छपरं व्हायची, पेले, कंदील, बादल्या, चाळण्या व्हायच्या. शेवटी सॅम्युएलला पत्रा मागवून पूर्वेकडच्या बंदरांतच डबे बनवायची सोय करावी लागली. स्टँडर्डचे डबे निळे, म्हणून ह्याचे लाल. व्यवहारज्ञानाचा धडा असा की आपण विकतो तो माल आणि गिऱ्हाईक विकत घेतं तो माल नेहमी एकच असतो असं नाही.

खानदेशात हा डबा पोचला रेल्वेनं. जळगाव-भुसावळकडे लोहमार्ग १८६० च्या दशकाच्या आगेमागे आला, आणि १९०० च्या सुमारास चाळीसगाव-धुळे फाटा आणि सुरतेकडून अमळनेरकडे येणारी तापी खोऱ्यातली रेल्वे सुरू झाली. १९०६ साली खानदेशचे दोन जिल्हे झाले, पूर्व खानदेश (आजचा जळगाव) आणि पश्चिम खानदेश (धुळे, ज्यातून १९९८ साली नंदुरबार वेगळा झाला). मुलूख कापसाचा आणि भुईमुगाचा. कापूस म्हणजे सरकी आली, सरकी आणि शेंगदाणा म्हणजे तेल आलं, आणि तेल म्हटलं की डबा आलाच.

इथे मला आपल्या जातभाईंना, म्हणजे सॉफ्टवेअरवाल्यांना, एक प्रश्न विचारायचा आहे. अमळनेर म्हटलं की काय आठवतं? मराठी माध्यमवाले म्हणतील साने गुरुजी, आणि बरोबरच आहे. पण आपल्यातले कित्येक जण ज्या कंपनीत कधी ना कधी मुलाखतीला जाऊन आले, ती विप्रो जन्मली तीही अमळनेरात. २९ डिसेंबर १९४५ रोजी महंमद हाशम प्रेमजी यांनी तिथे कंपनी काढली, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. त्यातूनच पुढे 'विप्रो' हे नाव आलं. पहिला माल वनस्पती तूप. १९६६ साली वडील अचानक गेले म्हणून अझीम प्रेमजी वयाच्या २१ व्या वर्षी स्टॅनफर्डमधलं शिक्षण अर्धवट टाकून परत आले, आणि संगणकाचा धंदा तर त्यानंतर कितीतरी वर्षांनी, १९८० च्या सुमारास सुरू झाला. तोपर्यंत कंपनीचं मुख्य काम म्हणजे तेल गाळणं, ते गोठवणं आणि डब्यात भरणं!

गोठवणं हा शब्द मुद्दाम वापरला. वनस्पती तूप म्हणजे निकेलच्या सान्निध्यात हायड्रोजन घालून घट्ट केलेलं तेल. आरोग्याच्या दृष्टीनं त्याचं काय झालं हे आता सगळ्यांना माहीत आहे. ट्रान्स फॅट्सवर मर्यादा येत येत जानेवारी २०२२ पासून ती २ टक्क्यांवर आली. पण १९४५ साली एका दूरच्या गावातल्या कारखानदाराला त्यात दिसणारा मोठा फायदा बारदानाचाच असणार. तेल गळतं, वनस्पती गळत नाही. कोमट, पातळ असताना डब्यात ओतायचं, थंड खोलीत ठेवून त्याला दाणा येऊ द्यायचा, आणि झाकण लावून रेल्वेत टाकायचं. शिवाय ते लवकर खवट होत नाही. खानदेशातल्या मे महिन्यात, जिथे पारा ४५ च्या वर सहज जातो, तिथे ही गोष्ट क्षुल्लक नाही.

तेल खवट का होतं हेही इथेच सांगून टाकतो. मुख्य शत्रू तीन: हवेतला ऑक्सिजन, उजेड आणि उष्णता. लोखंड-तांब्यासारख्या धातूंचे अंश असतील तर ते या कामाला हातभार लावतात. आणि एकदा सुरुवात झाली की ही प्रक्रिया स्वतःलाच वेग देत जाते. म्हणून जुन्या खवट तेलाचा थोडासा अंश नव्या तेलात मिसळला तर नवंही लवकर बिघडतं. कलई केलेल्या पत्र्याच्या नव्या कोऱ्या, सीलबंद डब्यात उजेड शून्य, बाहेरची हवा शून्य. तेल टिकवण्यासाठी त्याच्यासारखं भांडं क्वचितच.

आता डब्याचं चक्र बघा. गिरणीतून १५ किलोचा डबा (म्हणजे सुमारे साडेसोळा लिटर) किराणा दुकानात यायचा. दुकानदार त्याला वरून भोक पाडायचा, हातपंप बसवायचा आणि सुटं तेल मापानं विकायचा. गिऱ्हाईक घरून बाटली, किटली, बरणी घेऊन यायचं. डबा रिकामा झाला की त्याला भाव! एक तर तो गिरणीकडे परत जायचा. तिथे धुऊन, पोचे काढून, भोकावर डाग देऊन पुन्हा भरला जायचा. नाहीतर घरी जायचा. आमच्या आजीच्या घरी ज्वारी, दाळ, कुरडया, पापड, सगळं अशाच डब्यांत असे. एका डब्याला वरून कडी लावून पाणी तापवायचं भांडं केलेलं होतं, आणि अंगणातली तुळस तर छोट्या डालड्याच्या डब्यातच वाढली. शेवटी पार गंजून गेला की भंगारवाला यायचाच. लोखंड वितळून पुन्हा लोखंड.

म्हणजे बघा, डबा रिन्यूएबल नव्हता. खाणीतलं लोखंड, खाणीतलं कथील, भट्टीत कोळसा. पण त्याची किंमत रिकामा झाल्यावर शून्य होत नव्हती. प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी त्याची वाट पाहत असायचं.

मग हे चक्र तुटलं कसं? "प्लास्टिक आलं आणि सगळं बिघडलं" हे उत्तर सोपं आहे, पण अर्धवट आहे.

प्लास्टिक आलं हे खरं. आणि जळगावात तर ते रॉकेलच्याच वाटेनं आलं असं म्हणायला हरकत नाही. भवरलाल जैन यांनी १९६३ साली घरच्या सात हजार रुपयांच्या पुंजीवर धंदा सुरू केला तो रॉकेल विकण्याचा. १९७८ मध्ये केळीच्या भुकटीचा एक बंद पडलेला कारखाना घेऊन त्यात पपईच्या चिकापासून पेपेन काढलं, आणि १९८० मध्ये पीव्हीसी पाइप. पुढे ठिबक सिंचन, आणि जळगावला प्लास्टिकचं शहर अशी ओळख. पाइप शेतात गेले आणि वर्षानुवर्षं टिकले. तेलाच्या बाबतीत मात्र प्लास्टिक आलं ते कॅन, बाटली आणि पिशवी होऊन, म्हणजे महिनाभर वापरून फेकायला.

पण चक्र तुटायला खरं कारण घडलं ते दिल्लीत. १९९८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तिथे मोहरीच्या तेलातून विषबाधेची साथ आली. तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचं तेल मिसळलेलं होतं. ह्या बिया दिसायला मोहरीसारख्याच. पायांना सूज, धाप, आणि हृदयावर परिणाम. ६० हून अधिक माणसं गेली, सुमारे तीन हजार आजारी पडली. त्यानंतर केंद्र सरकारनं १७ सप्टेंबर १९९८ रोजी खाद्यतेल वेष्टन नियमन आदेश काढला. खाण्याचं तेल बंद वेष्टनातूनच विकायचं, त्यावर भरणाऱ्याचं नाव-पत्ता हवा, सुटं तेल बंद (राज्य सरकारनं खास सूट दिली तरच अपवाद). पुढे २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांतही सुट्या खाद्यतेलाच्या विक्रीवर बंदी कायम राहिली. आणि २०१८ च्या वेष्टन नियमांनी तर स्पष्टच सांगितलं की एकदा वापरलेला पत्र्याचा डबा खाद्यतेलासाठी पुन्हा वापरायचा नाही.

आपण खानदेशी लोक मोहरीचं तेल फारसं खात नाही, तरीही हा कायदा आपल्याला लागू झाला, आणि मला तो योग्यच वाटतो. कारण तेलाचा डबा फिरत होता तेव्हा त्याच्याबरोबर आणखीही गोष्टी फिरत होत्या. आतला गंज, मागच्या तेलाचा खवट थर, आणि मुख्य म्हणजे आत काय भरलंय याची जबाबदारी कुणाचीच नाही ही सोय. हातपंपानं येणाऱ्या तेलात शेंगदाण्याचं किती आणि सरकीचं किती हे दुकानदाराला तरी कुठे सांगता यायचं? जुन्या डब्याच्या आठवणी काढून उसासे टाकताना आपण हे सोयीस्कर विसरतो. ६० माणसांच्या मृत्यूनंतर बारदान सीलबंद झालं. ते पुन्हा उघडायचं तर त्या ६० जणांना उत्तर देऊनच उघडायला हवं.

पण सील लावताना एक गोष्ट झाली. बारदानाचा भाव शून्य झाला.

तेलाची एक लिटरची पिशवी हातात घेऊन बघा. दिसायला एक पातळ कागद, पण बऱ्याचदा त्यात अनेक थर एकमेकांना चिकटवलेले असतात. बाहेर-आत पॉलिथिन, कारण ते सहज चिकटून बंद होतं आणि ओलावा अडवतं. मध्ये नायलॉन, कारण नुसतं पॉलिथिन ऑक्सिजनला अडवत नाही. त्यांच्यामध्ये डिंकासारखे आणखी थर. तांत्रिक दृष्टीनं सुंदर वस्तू! सोळा पिशव्यांचं वजन मिळून काही ग्रॅमच्या पटीत, आणि तेवढंच तेल धरणारा पत्र्याचा डबा किलोच्या आसपास. म्हणजे एका फेरीपुरतं बघितलं तर पिशवीनं साहित्य किती वाचवलं! पण ती फेरी एकच. थर वेगळे करता येत नाहीत, आत तेल लागलेलं, वजन नगण्य. भंगारवाल्यानं ती का उचलावी? महिन्याला तीन लिटर तेल लागणाऱ्या घरातून वर्षाला ३६ पिशव्या निघतात. त्या मग चुलीत पेटवल्या जातात, नाल्यात जातात, पांझरेच्या नाहीतर गिरणेच्या काठावरच्या बाभळींना लटकतात.

तर या पार्श्वभूमीवर आता रिन्यूएबल प्लास्टिककडे या.

ते खोटं नाही, हे आधी सांगतो. ब्राझीलमध्ये ब्रास्केम कंपनी २०१० पासून उसाच्या इथेनॉलमधून पॉलिथिन बनवते, वर्षाला दोन लाख टनांची क्षमता घेऊन सुरुवात केली होती. २००९ मध्ये कोका-कोलानं 'प्लांटबॉटल' आणली, तिच्यातला साधारण ३० टक्के भाग वनस्पतीजन्य. आणि त्या भागासाठी लागणारं ग्लायकॉल पुरवणाऱ्यांत आपल्या उत्तराखंडातल्या काशीपूरची इंडिया ग्लायकॉल्स ही कंपनी होती, साखर कारखान्याच्या मळीपासून केलेलं! तिसरा प्रकार पीएलए, स्टार्च किंवा साखरेपासून लॅक्टिक आम्ल आणि त्यापासून प्लास्टिक. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजनं २०२४ मध्ये जेजुरीला त्याचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला.

आणि कच्चा माल? दोंडाईच्याला (धुळे जिल्हा) मक्यापासून स्टार्च काढणारा कारखाना कित्येक दशकं चालू आहे. चाळीसगावजवळही (जळगाव जिल्हा) मक्यावर प्रक्रिया करणारा मोठा कारखाना आहे. म्हणजे मका खानदेशात, स्टार्च खानदेशात, तेल खानदेशात. उद्या कुणी म्हणालं की भुईमुगाच्या तेलाची बाटली मक्यापासून इथेच करू, तर त्याला वेड्यात काढायचं कारण नाही.

पण इथे लोक दोन गोष्टींची गल्लत करतात. उसापासून केलेलं पॉलिथिन हे रेणूच्या पातळीवर तेच पॉलिथिन असतं. प्रयोगशाळेत कार्बनचं वय मोजलं तरच फरक कळतो. ते पांझरेत फेकलं तर खनिज पॉलिथिनइतकीच वर्षं तिथे पडून राहणार. 'कशापासून झालं' आणि 'पुढे त्याचं काय होणार' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पीएलए कुजतं खरं, पण त्याला खताच्या मोठ्या कारखान्यातली ५८-६० अंशांची ऊब लागते. घरामागच्या उकिरड्यावर ते वर्षानुवर्षं तसंच राहू शकतं. गंमत बघा, त्याच ५५-६० अंशांच्या आसपास ते मऊही पडतं. मे महिन्यात भुसावळच्या उन्हात उभ्या असलेल्या बंद ट्रकमध्ये पीएलएच्या बाटल्या ठेवून बघायची हिंमत कोण करणार? तेलाला ते टिकाव धरतं, पण आमच्या उन्हाळ्याचं काय? नाहीतर तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं!

म्हणून मी वहीत तीन रकाने आखले. पहिला, भरण्याआधी: वस्तू कशापासून बनली. दुसरा, भरलेली असताना: तेल आणि खाणाऱ्याचा जीव सांभाळला का. तिसरा, रिकामी झाल्यावर: कुणी परत घेतं का, किती पैसे देऊन.

बुधला पहिल्या रकान्यात उत्तीर्ण, दुसऱ्यात नापास. डबा पहिल्यात नापास, नवा असताना दुसऱ्यात सर्वोत्तम, तिसऱ्यात पैकीच्या पैकी, पण तिसऱ्यातल्या गुणांमुळेच पुढच्या फेरीत दुसऱ्यात घसरणारा. पिशवी दुसऱ्यात उत्तीर्ण, तिसऱ्यात भोपळा. आणि रिन्यूएबल प्लास्टिकची पिशवी? पहिल्या रकान्यात छान गुण, दुसऱ्यात आजच्याइतकेच, आणि तिसऱ्यात... तोच भोपळा. कारण तिसरा रकाना कच्च्या मालानं भरत नाही. तो माणसं भरतात.

ही माणसं जळगावात आहेत. आमच्या एमआयडीसीत प्लास्टिकच्या चटया विणणारे कारखाने आहेत, आणि त्यातलं बरंचसं प्लास्टिक भंगारातून आलेलं, धुऊन, दळून, दाणे करून पुन्हा ओढलेलं असतं. लग्नात, मंदिरात, सतरंजीच्या जागी तुम्ही जिच्यावर बसता ती रंगीत चटई बहुधा जळगावची. त्यामागे आहे रस्त्यावरून वेचणारी बाई, हातगाडीवाला, गोदामवाला. भाव असला की माल आपोआप त्यांच्याकडे चालत जातो. कडक प्लास्टिकच्या डब्या-खुर्च्यांना भाव आहे, त्या रस्त्यावर दिसत नाहीत. तेलाच्या पिशवीला भाव नाही, ती दिसते. डबगर जसा उंबऱ्याबाहेर होता तशीच ही वेचणारी बाईही आपल्या हिशेबाच्या बाहेर आहे. बारदान बनवणारा आणि बारदान परत नेणारा, दोघांची किंमत आपण नेहमीच कमी लावत आलो.

मग करायचं काय? मला दोन गोष्टी सुचतात, आणि दोन्हींना रॉकेट सायन्स लागत नाही.

एक, अनेक थरांऐवजी एकाच जातीच्या प्लास्टिकचं वेष्टन, मग ते उसाचं असो की खनिज तेलाचं, आणि रिकाम्या वेष्टनाला ठरलेला परतावा. कल्पना नवी नाही. महाराष्ट्र सरकारच्या २३ मार्च २०१८ च्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेत दुधाच्या पिशवीला ५० पैसे परत द्यायची तरतूद होतीच. केंद्राच्या २०२२ च्या नियमांनी कडक प्लास्टिकच्या वेष्टनात २०२५-२६ साठी ३० टक्के पुनर्वापरित प्लास्टिकचं उद्दिष्ट ठेवलं, २०२८-२९ पर्यंत ६० टक्के. हे प्लास्टिक कुठून येणार? ज्या पिशवीला भाव नाही तिच्यातून नक्कीच नाही.

दोन, परत येणारं भांडं, पण १९९८ चा धडा विसरून नव्हे. २०१८ च्या ज्या नियमांनी जुना पत्र्याचा डबा बाद केला, त्याच नियमांत काचेच्या बाटल्या आणि पाच लिटर व त्यावरचे प्लास्टिकचे कॅन पुन्हा वापरायला वाव ठेवला आहे. अट एवढीच, की ते टिकाऊ आणि नीट धुता-निर्जंतुक करता येण्याजोगे हवेत. म्हणजे कायद्यानं दार लावलंय, कुलूप घातलेलं नाही. हल्ली लाकडी घाण्याचं तेल गाळणारे छोटे उद्योजक गावोगावी उभे राहताहेत. त्यांचं गिऱ्हाईक जवळचं, ओळखीचं आणि दर महिन्याला परत येणारं. पाच लिटरचा कॅन, त्यावर क्रमांक, प्रत्येक भरणीची नोंद आणि नवं सील, एवढं त्यांना जमण्यासारखं आहे. (कुठल्या कॅनमध्ये कुठल्या तारखेला काय भरलं ह्याची नोंद ठेवणं हे तर आपल्या धंद्यातलं पोरखेळाचं काम!) १९९८ मध्ये माणसं मेली ती आत काय आहे आणि ते कुणी भरलं याची खात्री नसल्यामुळे. ती खात्री देता आली तर भांडं परत फिरायला हरकत काय?

मक्याचं, उसाचं प्लास्टिक जरूर यावं. दोंडाईच्याच्या मक्याला आणखी एक गिऱ्हाईक मिळालं तर मला आनंदच आहे. पण पुढच्या वेळी कुणी हिरवा शिक्का दाखवून "हे रिन्यूएबल आहे" म्हणालं, तर आडत्याचा जुना प्रश्न विचारून बघा: ठीक आहे भाऊ, पण रिकाम्या बारदानाचा भाव काय देता?